भिंतीतलं भोक आणि आमचे मिस्त्री

आमच्या मिस्त्रींची आठवण चांगल्या मनानं काढायची असं मी दर वेळी ठरवतो आणि दर वेळी दुसऱ्याच वाक्याला माझं डोकं फिरतं. एवढा वैताग मला आयुष्यात कुणी दिला नाही. बायकोनं नाही, पोरांनी नाही, सासऱ्यांनी सुद्धा नाही.

मी तेव्हा सहकारी सूतगिरणीत इलेक्ट्रिक सुपरवायझर होतो. बहात्तरच्या दुष्काळानंतर आपल्या जिल्ह्यात सहकाराचं वारं सुटलं, त्यात ही गिरणी उभी राहिली. उस्मानाबादच्या रस्त्याला, चोहोकडं उघडा माळ आणि मधे लांबच लांब शेड. मी मूळचा माकणीचा. आमच्या बौद्धवाड्यातला पहिला पगारी माणूस मी. वडिलांनी दुष्काळात खडी फोडली, सरकारी सुकडी खाल्ली आणि मला आयटीआयला घातलं. त्यामुळं नोकरी म्हणजे काय चीज असते, हे मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

मिस्त्री गिरणीत गवंडी होते. भूम तालुक्यातल्या ईटचे. उमेदीत त्यांनी माळवदं घातलेली, म्हणजे मातीच्या सपाट छपरांची घरं. त्यामुळं मातीवर सगळा जीव, सिमेंटवर काडीचा विश्वास नाही. साठीला टेकलेले, वाळके, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला रुमाल आणि थापी कायम कमरेला खोचलेली. जेवताना सुद्धा.

कागदावर त्यांचं काम फरशी, गिलावा आणि गटारं हे होतं. पण गड्याला ध्यास एकच. भिंतीतून पाइप किंवा केबल आरपार गेली की तिच्याभोवती थोडी मोकळी जागा राहते ना, ती बुजवायची. कुणी सांगितलेलं नाही, कुठल्या हुकमात लिहिलेलं नाही. फरशी फुटलेली चार-चार महिने तशीच पडायची, संडासाचं दार लटकायचं. पण भिंतीला नवं भोक पडलं की हा माणूस घमेलं घेऊन हजर. वास यायचा की काय कोण जाणे!

आता सूतगिरणीत इलेक्ट्रिकवाल्याचं काम काय? केबल ओढायची. आज ही मोटर तिकडं गेली, उद्या तो पंखा इकडं आला. म्हणजे मी भोकं पाडायची आणि मिस्त्रींनी बुजवायची. परत मी फोडायची, परत त्यांनी बुजवायची. वर ऐकून घ्यायचं.

"सुपरवाजर, ह्ये भोक पाडलंय का भुयार?"

"मिस्त्री, केबल जाड आहे."

"केबल बोटाएवढी आन् भोक मांडीएवढं! चारी अंगानं येक बोट जागा सोडायची. येक बोट. जास्ती कशाला पायजे, घुशी पाळायच्यात?"

बरं, बुजवायचं तर बुजवावं आणि जावं. तसं नाही. गावच्या पांढरीची, म्हणजे जुन्या गावठाणातली माती चाळून घ्यायची, त्यात चुना, त्यात बारीक वाळू. मळून मळून भाकरीच्या पिठासारखं करायचं. मग केबलभोवती बोटानं थोडं थोडं ठोसत जायचं, आधी भिंतीच्या या बाजूनं, मग त्या बाजूनं. वर दोन दिवस वाळू द्यायचं. तोपर्यंत तिथली मोटर चालू केली तर हे दारात उभे. "थरथरलं की भेग पडती. भेग पडली की केल्यालं वाया." मी म्हणायचो, अहो सिमेंट थापा, तासाभरात मोकळे. त्यावर मिस्त्री माझ्याकडं असं बघायचे की मी त्यांच्या आईबद्दल काही बोललोय. म्हणायचे, सिमेंट आडमुठं असतं, केबल तापली की हे तडकतं आणि उद्या केबल काढायची म्हटली तर छिन्नी मारावी लागते. माती कशी, पाण्यानं सुटते.

खोटं नव्हतं ते. हाच तर खरा वैताग, की म्हातारा चुकत नव्हता.

एकदा मॅनेजरसाहेबांना पटवायचं म्हणून त्यांनी विटांची हातभर भिंत रचली, त्यातून पाइपचा तुकडा घातला, भोवतीनं माती ठोसून वाळवली. पाइपाचं तोंडही मातीनं बंद केलं. मग एका बाजूला सरपण पेटवलं आणि दुसऱ्या बाजूला ताटलीत लोण्याचा गोळा ठेवला. अख्खी पाळी जाळ घातला. संध्याकाळी ताटली साहेबांपुढं नेली. लोणी जरा मऊ पडलं होतं, बस. साहेब म्हणाले, "लोणी घरचंय का?" आणि अर्धं डब्यात काढून घेतलं. विषय संपला.

गिरणीपुरतं असतं तरी मी सोसलं असतं. भूमजवळच्या वाशीला आमच्या एका फिटरच्या लग्नाला आम्ही सगळे गेलो होतो. पंगत बसली, मिस्त्री गायब. शोधतोय तर हे मंडपामागं. आचाऱ्याच्या चुलाणाला लागून भिंत, भिंतीतून नळाचा पाइप आत कडब्याच्या खोलीत गेलेला, आणि हे आचाऱ्याला माती मागतायत. मुलीकडच्यांना वाटलं, पाहुणा मानपानावरून रुसला. मुलीचा मामा टॉवेल-टोपी घेऊन समजूत काढायला धावला. मिस्त्रींनी टोपी घातली, टॉवेल खांद्यावर टाकला आणि म्हणाले, "आता येक घमेलं वाळू आणा." मला तर तिथंच भुईत गाडून घ्यावंसं वाटलं.

माझ्या भाड्याच्या खोलीत रेडिओची तार खिडकीशेजारच्या भोकातून आत घेतली होती. मी सुट्टीत गावी गेलो, परत येतो तर भोक बंद. तार भिंतीत चिणलेली. ओढली तर येईना, ढकलली तर जाईना. विचारलं तर म्हणाले, "भाईर मालकानं गवताची गंजी लावलीया. उद्या कुणी बिडी टाकली तर?" मी म्हटलं, मिस्त्री, दाराला कडी-कुलूप होतं, आत शिरलात कुठून? तर म्हणे, "भाईरनंच बुजवलं. आतनं राह्यलंय. चावी द्या." घ्या!

गिरणीत त्यांच्याबद्दल नाना कथा होत्या. कुणी म्हणायचं, निजामाच्या काळात त्यांचं घर जळालं. कुणी म्हणायचं, जिनिंगच्या आगीत भाऊ गेला. एकदा मी सरळच विचारलं. मिस्त्री खो खो हसले.

"कुणीबी मेलं न्हाय. समदे जित्ते हायती, मलाच खात्यात."

"मग हा नाद कशापायी?"

"आवो, जाळ काय दारातनं येतो व्हय? दारात मानूस हुभा असतो, बादल्या असत्यात. जिथं कुणी बघत न्हाय तिथनं येतो त्यो. तुमी दार बघा, म्या भोक बघतो."

मला तेव्हा ते नुसतं बोलणं वाटलं. आता ज्या भिंतीपायी हे सगळं सांगतोय, तिच्याकडं येतो.

गिरणीत कापसाच्या गाठी फोडून जिथं कापूस पिंजतात, त्याला ब्लो रूम म्हणतात. आगीचं माहेरघर. गाठीच्या लोखंडी पट्टीचा तुकडा कापसाबरोबर मशीनमधे गेला की ठिणगी उडालीच. ब्लो रूमला लागूनच आमचं रिलिंग खातं होतं. तिथं साठ-सत्तर बाया सुताच्या लडी करायच्या. दुष्काळात खडी फोडलेल्याच बहुतेक. पदर डोक्यावरून घेऊन, कानाला सूत चिकटलेलं, दिवसभर गप्पा आणि हातानं काम. त्यांच्या आणि ब्लो रूमच्या मधे एक वीत-दोन वीत जाडीची भिंत.

त्या वर्षी नवीन मशीन आलं. चालू करायला मोठे पाहुणे येणार होते. पाहुण्यांची तारीख आधी ठरली, मशीन नंतर पोचलं. आपल्याकडं असंच असतं. केबल रिलिंगमधून भिंत फोडून ब्लो रूममधे न्यायची होती. ती ओढून होईपर्यंत आदला दिवस मावळला. सकाळी दहाला पाहुणे. मिस्त्रींना कळलं असतं तर म्हणाले असते, दोन दिवस मशीनला हात लावायचा न्हाय. मॅनेजरसाहेब माझ्या मानगुटीवर. "भिंतीला भगदाड दिसता कामा नये, आणि मशीन फिरलं पाहिजे."

मी काय केलं? मिस्त्रींना गेस्ट हाऊसच्या मोरीवर पाठवलं. आणि सूतगिरणीत जे पायाखाली पोत्यानं पडलेलं असतं, ते उचललं. वेस्ट कापूस. भोकात केबलभोवती खच्चून कोंबला, दोन्ही बाजूंनी वर बोटभर सिमेंट फासलं, चुन्याचा हात मारला. दहा मिनिटांत भिंत नवरीसारखी.

आमच्या गिरणीत हे काही नवं नव्हतं. दार कुरकुरलं, कापूस कोंबा. नळ गळतो, कापूस गुंडाळा. खिडकीतून वारा येतो, कापूस. हाताशी असेल ते माणूस वापरतो. पण मी इलेक्ट्रिकचा माणूस, तापणाऱ्या केबलभोवती कापूस मी कोंबला! उद्या काढू, परवा काढू म्हणत राहिलो. पाहुणे येऊन गेले, टाळ्या वाजल्या, मशीन धडधडायला लागलं, ते कोण थांबवणार?

मिस्त्रींची एक खोड होती. आठवड्यातून एकदा थापीच्या मुठीनं ते सगळी बुजवलेली भोकं ठोकून बघायचे. दीड-दोन आठवडे गटाराच्या कामात अडकले होते, म्हणून मी वाचलो. मग एका सकाळी मी स्टोअरमधे असताना ब्लो रूम एकदम चिडीचूप झाली. धावत गेलो. मिस्त्रींनी मेन स्विच पाडला होता. मशीन बंद, माणसं गोळा, आणि हे भिंतीपुढं उकिडवे बसून सिमेंटचा पापुद्रा काढून आतून कापूस ओढतायत. मूठ-मूठ निघतोय. केबलला लागलेला कापूस तांबूस पडला होता.

माझ्याकडं त्यांनी एकदा पाहिलं. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं. मिस्त्रींनी कापूस बाजूला सारला, घमेल्यातली माती घेतली आणि मळायला लागले.

"मिस्त्री, आधी मशीन चालू करू द्या, मी सुट्टीच्या दिवशी..."

"हात धुवून या," ते म्हणाले. "कापूस हाये हाताला."

पलीकडचा कापूस त्यांनी सळईनं खरवडून काढला, रिलिंगच्या बाजूचं भोक मोकळं केलं, ब्लो रूमची बाजू भरून पुरी केली. रिलिंगच्या बाजूला जाणार, तेवढ्यात मॅनेजरसाहेब आले. दीड तास उत्पादन बंद! साहेबांनी सगळ्यांसमोर त्यांना फैलावर घेतलं आणि ऑफिसात नेलं. मलाही बोलावलं.

"कुणाच्या हुकमानं मशीन बंद केलं?"

"भोक व्हतं."

"भोक होतं म्हणून मेन पाडायचा? कुणाचं भोक?"

मिस्त्री म्हणाले, "गिरणीचं."

बस. एवढंच. माझं नाव नाही, कापसाचं नाव नाही. आणि मी? मी तिथं हात मागं बांधून उभा. वडिलांची खडी, माकणीचं घर, लहान भावाची शाळा, सगळं डोळ्यांपुढून गेलं आणि जीभ टाळ्याला चिकटली. त्याच दिवशी मिस्त्रींना घरी पाठवलं. जाताना थापी कमरेला होती. गेटवरच्या वॉचमननं ती गिरणीची आहे म्हणून काढून घेतली. ती त्यांची स्वतःची होती. मला माहीत होतं, तेही मी बोललो नाही.

दहा-बारा दिवसांनी, ऐन दुपारच्या जेवणाआधी, ब्लो रूम पेटली. पट्टीचाच तुकडा. कापूस कसा पेटतो ते ज्यानं पाहिलंय त्यालाच कळेल. पेटला म्हणेपर्यंत आढ्याला पोचतो. माणसं बाहेर पळाली, कुणाला इजा नाही. पाणी मारता मारता पाऊण तास गेला. नवीन मशीनचा कोळसा झाला.

आणि भिंतीपलीकडं बाया लडी करत होत्या. आगीचा भोंगा झाला तेव्हा त्या बाहेर आल्या, त्याही कुरकुर करत. एक जण मला म्हणाली, "काय झालं वो? चहा पन न्हाय पिऊ दिला!"

तिसऱ्या दिवशी विम्याचे साहेब पाहणीला आले. ब्लो रूमच्या बाजूला केबल तांब्यापर्यंत जळाली होती, अगदी भिंतीला टेकेपर्यंत. रिलिंगच्या बाजूला आले तर भोकाच्या कडेला साठलेली रुई पांढरीशुभ्र. करपलेली सुद्धा नाही. ते बॅटरी लावून बराच वेळ आत बघत राहिले. म्हणाले, "इथून आग आली असती तर हे खातं उरलं नसतं. फार चोख काम आहे. कुणी केलं?"

मॅनेजरसाहेबांनी क्षणभर सुद्धा विचार केला नाही. "आमचे इलेक्ट्रिक सुपरवायझर."

विम्याच्या साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. आणि मी तो मिळवू दिला. पुढच्या मीटिंगला मला सत्काराचा नारळ आणि कौतुकाचं पत्र मिळालं. ते पत्र खिशात घेऊन मी चार रात्री झोपलो नाही. कुणाचा राग आला असेल मला? मिस्त्रींचा! तोंड उघडायला काय झालं होतं या माणसाला? एक शब्द बोलला असता, मला शिव्या दिल्या असत्या, तर मी आज सुटलो असतो!

त्या रविवारी एसटी पकडून ईटला गेलो. मिस्त्री घराच्या माळवदावर माती चोपत होते. मी खालूनच ओरडून सगळं सांगितलं. आग, विम्याचे साहेब, नारळ, पत्र. गल्लीतले लोक जमले, तरी सांगत राहिलो. मिस्त्री शिडीवरून हळूहळू खाली आले.

"माझं नाव का नाही सांगितलं साहेबांना?" मी विचारलं. रडायलाच आलो होतो.

"त्यांनी इचारलं भोक कुणाचं. कापूस कुनी घातला, ह्ये इचारलंच न्हाय."

"अहो, पण नोकरी गेली ना तुमची!"

"ती गेलीच. तुमची बी गेली असती. दोघांची घालवून भोक बुजणार व्हतं व्हय?" मग रुमालानं तोंड पुसून त्यांनी विचारलं, "रिलिंगच्या बाजूनं बुजवलं का?"

मी नाही म्हणून मान हलवली.

"म्हंजे उघडंच हाये?"

"मिस्त्री, मी कौतुकाच्या पत्राचं सांगतोय आणि तुम्ही..."

"येवढी आग लागून गेली, मातीला भेगा गेल्या असतील, आन् म्हागली बाजू उघडी! त्या बाया तिथंच बसत्यात? आन् तुमी नारळ फोडून खाल्ला!" आत वळून त्यांनी सुनेला हाक मारली, "ए बाय, भाकरी बांध. मला गिरणीवर जायचंय." मी म्हटलं, मिस्त्री, गेटमधून कोण सोडणार तुम्हाला? ते तोवर पांढरीची माती पिशवीत भरत होते.

सोमवारी सकाळी आम्ही दोघं गेटवर. वॉचमननं त्यांना अडवलं. नियमच होता, त्याची काय चूक? मिस्त्री पिशवी मांडीवर घेऊन गेटबाहेर बसले. मला म्हणाले, "तुमीच बुजवा. म्या हितनं सांगतो." मी आत गेलो, बुजवलं, बाहेर येऊन सांगितलं. बोटाचं पेर किती आत गेलं, माती हाताला चिकटत होती का, असलं विचारून त्यांनी मला परत पाठवलं. परत गेलो. परत आलो. परत पाठवलं. तिसऱ्या वेळेला मी भोकापुढं बसलो आणि कळलं की हे मला जमणार नाही. माझ्यामागं साठ बाया काम करत होत्या आणि माझ्या हातातली माती गळून पडत होती.

हात न धुता मॅनेजरसाहेबांकडं गेलो. पत्र टेबलावर ठेवलं. कापूस मी कोंबला, मिस्त्रींनी काढला, भिंत त्यांनी वाचवली, एका दमात सांगून टाकलं. त्यांना आत घ्या म्हटलं.

साहेबांनी पत्र उचलून खणात टाकलं. मग म्हणाले, "त्याला घेतो. पण कागदावर दोष कुणावर तरी येणार. तू आजच निघ." मी बरं म्हटलं. माकणीला जाऊन वडिलांना काय सांगायचं हे सुचत नव्हतं.

डबा, पक्कड, टेस्टर पिशवीत भरून गेटवर आलो तर मिस्त्री आत येत होते. वॉचमन त्यांना थापी परत देत होता. माझी पिशवी त्यांनी पाहिली. काय झालं ते त्यांना कळलं असणारच, एवढे काही खुळे नव्हते. मला वाटलं, आता तरी दोन शब्द चांगले बोलतील.

"केबल ढिली लोंबत्येय का आत?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"भोकापाशी केबल ढिली असंल तर म्या माती ठोसून काय उपेग? हालली की भेग. पयली ताणून बांधाया पायजे. ते माझं काम न्हाय, इलेक्ट्रिकवाल्याचं हाये."

"मिस्त्री, माझी नोकरी गेली!" मी किंचाळलोच. "आत्ता गेली! तुमच्यापायी!"

"व्हय, पर केबल ढिलीच हाये न्हवं?"

आजही हे सांगताना माझ्या मस्तकात तिडीक जाते. डोळ्यांत पाणी येतं ते वेगळं. मी पिशवी वॉचमनजवळ ठेवली, पक्कड काढून घेतली आणि केबल बांधायला त्यांच्यामागं आत गेलो.